मोठा एआय, छोटा एआय : आपल्या कामाचा कोणता?



सध्या जिकडंतिकडं एआयचं नाव ऐकू येतं. टीव्हीवर, मोबाईलवर, तालुक्याच्या प्रशिक्षणात. आता गटाच्या बैठकीतही कुणी ना कुणी ॲप घेऊन येतं. "ताई, यात एआय आहे, हिशेब आपोआप होईल, कर्जाचं लगेच कळेल," असं सांगतं. फोनवर 'परवानगी द्या' असं आलं की आपण बोट दाबून मोकळ्या होतो. त्या एका बोटाबरोबर गटाची बचत, सभासदांचे आधार नंबर, कुणाचा हप्ता थकलाय, अशी माहिती गावाबाहेर जाऊ शकते. म्हणून एआयमध्ये मोठा आणि छोटा असा फरक काय असतो आणि तो आपल्याला का कळला पाहिजे, ते या अंकात समजून घेऊ.

एआय शिकतो कसा?

दौलताबादच्या किल्ल्याखाली सीताफळ विकणारी बाई फळ पाहताच सांगते, "याचे डोळे उघडलेत, दोन दिवसांत पिकंल." तिनं हे पुस्तकात वाचलेलं नाही. वर्षानुवर्षं हजारो फळं हाताखालून गेली, त्यातून नजर तयार झाली.

एआयचंही थोडंफार तसंच आहे. त्याला हजारो फोटो दाखवतात आणि प्रत्येक वेळी सांगतात की हे कच्चं, हे तयार. त्यातून त्याच्या पोटातले आकडे जुळत जातात. शिकून तयार झालेल्या या आकड्यांच्या संचाला 'मॉडेल' म्हणतात. नवा फोटो आला की मॉडेल त्या आकड्यांवरून अंदाज बांधतं. तो अंदाज असतो, हे मात्र कायम लक्षात ठेवायचं.

मोठं मॉडेल, छोटं मॉडेल

मॉडेल मोठं की छोटं, हे त्यात किती आकडे आहेत त्यावर ठरतं. २०२० साली आलेल्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये १७,५०० कोटी आकडे होते. अशी मॉडेलं गोष्ट लिहितात, गणित सोडवतात, कशाबद्दलही बोलतात. पण ती आपल्या फोनमध्ये मावत नाहीत. दूरच्या डेटा सेंटरमध्ये मोठमोठ्या यंत्रांवर चालतात. त्यांना भरपूर वीज लागते, यंत्रं थंड ठेवायला पुष्कळ ठिकाणी पाणीही लागतं. आपण काही विचारलं की आपला प्रश्न, आपला फोटो, आपला आवाज नेटवरून तिकडं जातो आणि उत्तर परत येतं.

छोटं मॉडेल बहुतेक वेळा एकच काम शिकतं. फोटोतले किडे मोजायचे, किंवा मराठीचं हिंदी करायचं, एवढंच. काही छोटी मॉडेलं साध्या फोनमध्ये बसतात. रेंज नसली तरी चालतात, आणि माहिती फोनबाहेर जायची गरज पडत नाही. घरातल्या दिवाबत्तीसाठी कुणी साखर कारखान्याचा बॉयलर पेटवत नाही. काम जेवढं, साधन तेवढं, हा हिशेब इथंही लागू पडतो.

कापसाच्या शेतातलं उदाहरण

आपल्या जिल्ह्यात कापूस आहे, म्हणून गुलाबी बोंडअळी काय करते हे वेगळं सांगायला नको. २०१७ साली या अळीनं महाराष्ट्रात कापसाचं मोठं नुकसान केलं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणजे फवारणी कधी करायची आणि कधी नाही, हा पैशाचा प्रश्न आहे तसा जिवाचाही आहे.

यासाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात सलग तीन रात्री रोज ८ किंवा जास्त पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ आली असं समजतात. अडचण अशी, की रोज पतंग ओळखायचे, मोजायचे आणि लिहून ठेवायचे, हे कुणी नेमानं करत नाही. मग शेजाऱ्यानं फवारलं म्हणून आपणही फवारतो.

मुंबईच्या वाधवानी एआय या ना-नफा संस्थेनं यावर 'कॉटनएस' नावाचं ॲप तयार केलं. सापळ्यातले पतंग कागदावर पसरून फोटो काढायचा. ॲप पतंग ओळखतं, मोजतं आणि फवारणीची गरज आहे की नाही ते सांगतं. सुरुवातीचं मॉडेल जड होतं. शेतात रेंज नसते आणि शेतकऱ्याचा फोन साधा असतो, हे पाहून ते आकसून हलकं केलं, म्हणजे नेट नसतानाही चालावं. गावातला एक पुढारलेला शेतकरी फोटो काढतो आणि सल्ला आजूबाजूच्या शेतकऱ्यांना सांगतो, अशी त्याची पद्धत ठेवली. इथं मॉडेल छोटं करणं हीच जबाबदारीची गोष्ट ठरली. तसं केलं नसतं, तर ज्यांच्यासाठी ॲप बनवलं त्यांनाच ते वापरता आलं नसतं.

आपली भाषा कुणी शिकवायची?

मोठी मॉडेलं बहुतेक इंग्रजी मजकुरावर वाढलेली असतात. मराठी त्यांना कळते, पण आपली "कुठं चाललीस" वाली बोली कळेलच असं नाही. या बाबतीत छोट्या मॉडेलांवर आपल्याकडं चांगलं काम झालंय. पुण्याच्या एल३क्यूब गटानं खास मराठीसाठी 'महाबर्ट' हे मॉडेल तयार करून सगळ्यांना खुलं केलं. आयआयटी मद्रासच्या एआय४भारतनं २०२३ साली 'इंडिकट्रान्स२' हे भाषांतराचं मॉडेल खुलं केलं. ते मराठीसह घटनेतल्या २२ भाषांत काम करतं, आणि त्याची सुमारे २० कोटी आकड्यांची लहान आवृत्तीही आहे. वरच्या १७,५०० कोटींशी ताडून पाहा.

आवाज ओळखणाऱ्या मॉडेलला मात्र माणसांचा आवाज लागतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मराठी बोलणाऱ्या ३६ जणांकडून १०९ तासांचं वाचन रेकॉर्ड केलं. त्यात खेड्यातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोक होते, तसे विद्यापीठातले विद्यार्थीही होते. तिघांच्या कामाचा दर्जा सारखाच भरला. आपला आवाज, आपली बोली यालाही किंमत आहे, हे त्यातून दिसतं. उद्या कुणी "ताई, मोबाईलवर थोडं वाचून द्या" म्हणालं, तर कामाचे पैसे किती आणि आवाज कशाला वापरणार, हे आधी विचारायचं.

छोटं म्हणजे आपोआप चांगलं नाही

समजा, एखाद्या मॉडेलला फक्त बाळानगर जातीची सीताफळं दाखवून शिकवलं. त्याच्यापुढं गोल्डनची टोपली ठेवली तर ते चुकणारच, आणि चुकलंय हे त्याला कळणारही नाही. छोट्या मॉडेलची नजर जिथवर शिकवली तिथवरच जाते.

कर्जाच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं. जुन्या नोंदींवरून कुणाला कर्ज द्यावं हे मॉडेल सांगू शकतं. पण एखादीचा हप्ता थकला तो बाळंतपणामुळं, की गारपिटीमुळं, हे नोंदीत नसतं. ते गटाला माहीत असतं. म्हणून कर्जाचा निर्णय बैठकीतच, ठराव लिहूनच व्हायला पाहिजे. ॲपचा आकडा पुढ्यात असू द्या, निर्णय आपला असू द्या.

ॲप आलं तर काय विचारायचं?

१. याचं काम नेमकं कोणतं? "सगळं करतं" असं उत्तर आलं तर थांबा.

२. फोन फ्लाइट मोडवर टाकून, वाय-फाय बंद करून ॲप चालवून पाहा. चाललं तर काम फोनमध्येच होतंय. नेट सुरू झाल्यावर माहिती कुठं पाठवतं का, हे तरीही विचारा.

३. माहिती कशासाठी घेता? संसदेनं २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती मागताना कारण साध्या भाषेत सांगावं, आपल्या भाषेत वाचायची सोय द्यावी आणि दिलेली संमती परत घेता यावी, असं तो सांगतो.

४. मॉडेल कुणाच्या माहितीवर शिकलंय? आपल्या भागात, आपल्या बोलीत तपासलंय का?

५. चुकलं तर जबाबदार कोण? फोन कुणाला करायचा? माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या.

६. ओटीपी, पिन किंवा सगळ्या सभासदांची कागदपत्रं एकदम मागितली, तर सरळ नाही म्हणा.

या सहापैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर "पुढच्या बैठकीत सांगतो" म्हणायचा गटाला पूर्ण हक्क आहे. घाई समोरच्याला असते, आपल्याला नाही. आणि ॲप घेतलं तरी हिशेबाची वही बंद करू नका. निदान सहा महिने वही आणि ॲप दोन्ही चालवा, दर महिन्याला आकडे ताडून पाहा. फरक आला तर वहीवर सह्या आपल्या आहेत.

पुढच्या मासिक बैठकीत हे सहा प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या सभासदांना वाचता येत नाही, त्यांच्या फोनमध्ये कोणकोणती ॲप आहेत आणि कशाकशाची परवानगी दिलेली आहे, ते लेकीसुनांनी त्यांच्याशेजारी बसून पाहून द्यावं.