यंत्र हजेरी मोजेल, कारण माणसालाच विचारावे लागेल

रायगडच्या किनाऱ्यावर उरणचे बंदर आहे, थळचा खत कारखाना आहे आणि रोज मुंबई गाठणारा नोकरदार वर्ग आहे. आपली शिकलेली मुले-मुली आता सुपरवायझर, टीम लीडर होत आहेत. त्यांच्या हाताखाली माणसे आहेत आणि समोर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला अहवाल आहे. अशा वेळी निर्णय कोणी घ्यायचा, हे आपण समजून घेतले पाहिजे.

कृत्रिम बुद्धिमत्ता जुन्या माहितीवरून अंदाज बांधते. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून योग्य वागणे. १९९० मध्ये सॅलोव्हे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ही संकल्पना मांडली.

समजा, अलिबागची एक कर्मचारी जूनमध्ये सहा वेळा उशिरा आली. यंत्र तिला ‘अनियमित’ ठरवेल. पण पावसाळ्यात मांडवा-गेटवे लाँच बंद असतात, रस्त्याने वेळ लागतो. हे किनाऱ्यावरच्या माणसाला कळते. तो तिची वेळ बदलून देईल, मेमो देणार नाही.

धोका याहून मोठा आहे. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज निवडण्यासाठी एक यंत्रणा बनवली होती. जुने अर्ज बहुतांश पुरुषांचे असल्याने ती स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखू लागली. कंपनीने ती गुंडाळली. २०१८ मध्ये ही बातमी जगासमोर आली. आपल्याकडे तर आडनाव आणि पत्त्यावरूनही जात ओळखली जाते. जुन्या निवडीत भेदभाव असेल, तर जातीचा रकाना काढूनही यंत्र तोच भेदभाव शिकू शकते.

यंत्राला भावना वाचायला लावणे हा उपाय नाही. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी अशा वापरावर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली आहे.

म्हणून आमचे तरुण मित्रांना सांगणे आहे : यंत्र जरूर शिका. मात्र कोणावर कारवाई करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही माहिती कुठून आली? यात कोण सुटले? संबंधित माणसाशी आपण बोललो का? निर्णय चुकला, तर जबाबदारी स्वतः घ्या.

बाबासाहेबांनी प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड मागितली. प्रज्ञेचा काही भार यंत्र उचलेल. शील आणि करुणा मात्र खुर्चीवर बसलेल्या माणसानेच आणायची आहे.