संगणकाच्या जाळ्यातील घड्याळे : काम संपल्यावर पाळावयाची शिस्त

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखादा शेतकरी आपल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागण्यास जातो, तेव्हा त्याची मागणी तारेवरून दूरच्या संगणकाकडे रवाना होते. ती अखंड जात नाही. तिचे लहान लहान तुकडे पडतात. या तुकड्यांना 'पॅकेट' असे म्हणतात. वाटेत एखादा तुकडा हरवला तर काय होते? उतारा अर्धवट का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर संगणकात दडलेल्या असंख्य लहान घड्याळांत आहे. ही घड्याळे नीट हाताळली गेली नाहीत तर संपूर्ण यंत्र बंद पडू शकते. म्हणून हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

घड्याळ कशासाठी?

संगणकांच्या परस्पर संभाषणाची 'टीसीपी' ही पद्धती व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडली आणि १९८१ मध्ये तिला प्रमाण स्वरूप मिळाले. या पद्धतीत प्रत्येक तुकड्याची पोच यावी लागते. तुकडा पाठविताच संगणक एक घड्याळ लावतो. ठराविक वेळात पोच आली नाही तर तुकडा पुन्हा पाठविला जातो. २०११ च्या नियमानुसार आरंभीची मुदत १ सेकंदाची असते आणि पोच न आल्यास ती दर वेळी दुप्पट होते. मुदत संपताच जे काम आपोआप केले जाते, त्याला 'कॉलबॅक' म्हणतात.

हे कार्यालयातील दाखल्याने स्पष्ट होईल. समजा, डिचोलीच्या बाजारात भाड्याच्या खोलीत एक कार्यालय आहे. तेथील अधिकारी शिपायाला सांगतो, "तीन वाजेपर्यंत उत्तर आले नाही, तर माझ्या खोलीतील कपाट उघड, त्यातील कागद घे आणि टपालात टाक." शिपाई हा आपला कॉलबॅक आणि कपाट ही संगणकाची स्मृती, म्हणजे 'मेमरी'.

धोका कोठे आहे?

दोन वाजता कार्यालय बंद झाले, खोली रिकामी झाली आणि तेथे दुसरे बिऱ्हाड आले. शिपायाला मात्र कोणी कळविले नाही. तीन वाजता तो आज्ञेप्रमाणे येतो, कपाट उघडतो आणि परक्याचे कागद टपालात टाकतो. दोष शिपायाचा नाही. निरोप रद्द न करता खोली सोडणाऱ्याचा आहे.

संगणकातही हेच घडते. संभाषण संपले की त्याची जागा मोकळी करून दुसऱ्या कामाला दिली जाते. घड्याळ मागे राहिले तर त्याचा कॉलबॅक परक्या जागेत लिहितो. ही चूक 'कर्नल'मध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात, झाल्यास सगळा संगणक कोसळू शकतो. एवढेच नव्हे, तर दुष्ट हेतूने वागणारा मनुष्य अशा फटीतून आत शिरून यंत्राचा ताबाही मिळवू शकतो.

तीन खबरदाऱ्या

पहिली खबरदारी अशी की, केवळ निरोप रद्द करणे पुरेसे नाही. आजच्या संगणकात अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करतात. एकाने घड्याळ रद्द केले त्याच क्षणी दुसऱ्यावर कॉलबॅक सुरू झालेला असू शकतो. विजेच्या खांबावरील माणूस खाली उतरला याची खात्री केल्याखेरीज वीजप्रवाह सुरू करीत नाहीत. त्याचप्रमाणे, चालू कॉलबॅक संपेपर्यंत थांबावे आणि मगच जागा मोकळी करावी.

दुसरी खबरदारी या थांबण्याविषयीच आहे. अधिकारी कपाटाची किल्ली खिशात ठेवून शिपायाचे काम संपण्याची वाट पाहतो आणि शिपाई किल्लीची वाट पाहत दारात उभा राहतो. दोघेही तेथेच अडकतात. म्हणून कॉलबॅकला लागणारे कुलूप स्वतःजवळ अडवून त्याच्यासाठी थांबू नये.

तिसरी खबरदारी पुन्हा लागणाऱ्या घड्याळांविषयी आहे. काही कॉलबॅक आपले काम करून स्वतःचे घड्याळ नव्याने लावतात. काही वेळा दुसरे एखादे काम ते लावते. आपण घड्याळ बंद करून पाठ फिरविताच ते पुन्हा चालू होते. 'लिनक्स' या यंत्रणेत ब्लूटूथच्या एका भागात हा पेच उद्भवला होता. स्टीव्हन रोस्टेड व थॉमस ग्लाइक्सनर यांच्या प्रयत्नांतून त्यावर उपाय निघाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.२ या आवृत्तीत घड्याळ कायमचे मिटविण्याची सोय झाली. त्यानंतर कोणी ते लावू पाहिले तरी ते लागत नाही.

याखेरीज लिनक्सच्या टीसीपीत एक नोंद ठेवली जाते. जोपर्यंत घड्याळ लागलेले आहे, तोपर्यंत त्या संभाषणावर त्याचा हक्क मोजला जातो आणि शेवटचा हक्कदार गेल्यावरच जागा मोकळी होते. तसेच, मुदत संपली त्या वेळी तेच संभाषण दुसरे काम हाताळीत असेल तर कॉलबॅक त्यात ढवळाढवळ करीत नाही. तो चिठ्ठी ठेवून परततो आणि हातचे काम संपल्यावर ती चिठ्ठी निकालात काढली जाते.

आपले कर्तव्य

पंचायती, शाळा व कार्यालये यांतील संगणकांना वेळोवेळी सुधारणा पाठविल्या जातात. त्यांत अशाच चुका दुरुस्त केलेल्या असतात. परंतु सुधारणा उतरवून घेतल्यावरही यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत सामान्यतः जुनाच गाभा चालू राहतो. म्हणून कर्मचाऱ्यांनी 'यंत्र पुन्हा सुरू करा' ही सूचना दिवसेंदिवस पुढे ढकलू नये.

शिक्षकांनाही येथे मोठा वाव आहे. लिनक्सची संपूर्ण संहिता सर्वांना वाचण्यासाठी खुली आहे. साखळी व विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनाही ती घरबसल्या पाहता येते. शाळेत संगणकाचे धडे देताना घड्याळ लावावयास शिकविले जाते. ते केव्हा व कसे बंद करावे हेही त्याच तासाला शिकविले जावे. आधी नवे काम थांबवावे, मग घड्याळ मिटवून चालू काम संपू द्यावे आणि शेवटी जागा सोडावी, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पडला तर उद्या त्यांनी रचलेली यंत्रणा शेतकऱ्याचा उतारा अर्ध्यावर अडकू देणार नाही.