मृत्युपत्रातल्या बहिणी

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना आपल्या घराण्याचं मूळ गाव सांगता येत नव्हतं, हे ऐकून नवल वाटतं ना? लंडनच्या आयझॅक हर्ड या वंशावळींच्या अधिकाऱ्याने विचारलं, तेव्हा मे १७९२मध्ये त्यांनी उत्तर धाडलं: या विषयात आपण फारसं लक्ष घातलेलं नाही, पणजोबा जॉन आणि त्यांचा भाऊ लॉरेन्स १६५७च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तर भागातून व्हर्जिनियात आले. जिल्हा कोणता, ते नक्की आठवत नाही.

पणजोबांचं घर उत्तरेत नव्हतंच. हेन्री वॉटर्स या अमेरिकन संशोधकाने इंग्लंडमधली जुनी मृत्युपत्रं चाळून १८८९मध्ये ते शोधून काढलं. लंडनपासून फार लांब नसलेल्या ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग याचं १६५०च्या सुमाराचं मृत्युपत्र त्याला सापडलं. नोलिंगने बरीचशी मालमत्ता लॉरेन्स वॉशिंग्टन या आपल्या धर्मपुत्राला ठेवली होती. लॉरेन्सची आई अँफिलिस. तिचा नवरा धर्मगुरू. पण यादवीत त्याची जागा गेली, आणि लेकरांना आधार होता तो या नोलिंगचाच.

मृत्युपत्रात अँफिलिसला म्हटलंय मात्र चक्क सून! हे शब्दशः घेतलं तर पुढची सगळी वंशावळ कोसळते. पण त्या काळच्या इंग्रजीत सावत्र मुलीलाही सुनेचाच शब्द लावत. म्हणजे नोलिंग तिचा सासरा नव्हे, सावत्र बाप. तिची बाकीची मुलंही त्याने नावानिशी नोंदवली: जॉन, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट आणि मार्था. आई गेल्यावर तिची मालमत्ता १६५६ साली थोरल्या जॉनच्या हवाली झाली, आणि त्याच सुमारास तो समुद्रापार निघून गेला.

पण ट्रिंगचा जॉन तोच व्हर्जिनियाचा जॉन कशावरून? जॉन नावाची माणसं काय थोडी असतात! इथे बहिणी उपयोगी पडल्या. व्हर्जिनियातल्या जॉनने १६७५च्या मृत्युपत्रात बहीण मार्थाला दहा पौंड आणि चार हजार पौंड वजनाचा तंबाखू ठेवला, शिवाय तिच्या प्रवासखर्चाचं आणि वर्षभर ठेवून घेतल्याचं देणंही माफ केलं. (म्हणजे भावाने हिशेब लिहून ठेवला होता तर!) पुढे मार्थाने १६९७मध्ये स्वतःचं मृत्युपत्र केलं, आणि इंग्लंडात राहिलेल्या थोरल्या बहिणीला, एलिझाबेथला, चांगल्या सुवासिक तंबाखूचं पिंप पाठवायला सांगितलं. दुसऱ्या बहिणीचं नाव मार्गारेट. लग्नानंतर तिघींची आडनावं बदललेली. पण नावं तीच, ट्रिंगच्या कागदातली.

याच घराण्याच्या कागदांत आणखीही माणसं आहेत. जॉर्जच्या वडिलांनी १७४३च्या मृत्युपत्रात अकरा वर्षांच्या या मुलाला शेतीबरोबर दहा गुलामही दिले. अशा माणसांचा उल्लेख जमीन-गुरांच्या ओळीत, नुसत्या पहिल्या नावाने होई. जॉर्जने १७९९मध्ये आपल्या मळ्यावरच्या गुलामांची यादी केली, तीत कोणाची बायको कोण, मुलं कोणती, हेही टिपलेलं आहे. त्या माणसांच्या वंशजांना आज आपल्या पणजीचा शोध घ्यायचा, तर तो मालकाच्याच कागदातून घ्यावा लागतो.