चिमुकल्या हातांचे दान

बुद्धपौर्णिमेला आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील विहारांत खीरदान होते. तेव्हा दीड-दोन वर्षांचे मूलही द्रोण वाटायला धावते. ‘सांडशील’ म्हणून आपण त्याला बाजूस सारतो. ही लुडबूड नव्हे, असे आम्हांस वाटते.

जर्मनीतील संशोधक वॉर्नेकेन व टोमासेलो यांनी २००६ साली दीड वर्षाची २४ मुले पाहिली. पडलेला चिमटा उचलून देणे, अशा कामांत २२ मुलांनी एकदा तरी आपणहून मदत केली. २००८ साली दिसले की, मदतीबद्दल वस्तू मिळालेली मुले पुढे कमी मदत करू लागली; नुसत्या कौतुकाने तसे झाले नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती : चॉकलेटचे आमिष नको. सतरंजीचे एक टोक बाळाच्या हाती द्या. करुणेचे बीज तेथेच रुजते.