लिपिकाची आठवण आणि सर्व्हरची

लोह्यातल्या एखाद्या जुन्या शाळेचे कार्यालय डोळ्यांपुढे आणा. एक माजी विद्यार्थी येतो. त्याला प्रवेश-निर्गम उतारा हवा आहे. लिपिक उठतात आणि ठरलेल्या क्रमाने कपाटे उघडतात. पहिल्यात अलीकडची जनरल रजिस्टरे, दुसऱ्यात त्याआधीची, तिसऱ्यात त्याहून जुनी. हवे ते रजिस्टर सापडले की शोध थांबतो. दुसऱ्या दिवशी त्याच वर्षाचा दुसरा विद्यार्थी आला तर सगळी कपाटे पुन्हा उघडावी लागत नाहीत. 'ते रजिस्टर तिसऱ्या कपाटात आहे' एवढे लिपिकांच्या लक्षात असते.

संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हरपुढेही हीच दोन कामे असतात : वस्तू कोठे आहे ते शोधणे आणि सापडलेले लक्षात ठेवणे. पर्ल या संगणकभाषेत ही दोन्ही कामे स्पष्ट दिसतात. लॅरी वॉल यांनी १९८७ साली ही भाषा तयार केली. मजकूर चाळण्यात ती तरबेज. त्यामुळे १९९० च्या दशकात मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पापासून संकेतस्थळांपर्यंत ती सर्वत्र वापरली गेली. आज नवी संकेतस्थळे तिच्यात क्वचितच लिहिली जातात. पण ती ज्या अडचणींतून गेली त्या अडचणी जुन्या झालेल्या नाहीत.

प्रथम शोध पाहू. पर्लच्या आज्ञावलीला दुसरी एखादी फाइल लागते तेव्हा बहुधा फक्त तिचे नाव दिलेले असते, पूर्ण पत्ता नसतो. पर्लजवळ 'इन्क' नावाची फोल्डरांची यादी असते. तीच आपली कपाटे. पर्ल ती क्रमाने पाहते आणि त्या नावाची पहिली फाइल सापडताच थांबते. म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइली असतील तर आधीच्या फोल्डरातली घेतली जाते, मग ती जुनी का असेना! पूर्वी या यादीच्या शेवटी 'आपण आत्ता ज्या फोल्डरात आहोत ते' असेही असायचे. तेथे कोणी त्याच नावाची घातक फाइल ठेवू शकतो, म्हणून २०१७ च्या आवृत्तीपासून ते यादीतून वगळले गेले.

फाइल सापडली की तिचा पत्ता पर्ल वेगळ्या कोष्टकात नोंदवते. तीच फाइल पुन्हा मागितली तर आधी हे कोष्टक पाहिले जाते. नोंद असेल तर शोधही होत नाही आणि फाइल पुन्हा वाचलीही जात नाही.

मात्र सुरुवातीच्या संकेतस्थळांना या नोंदीचा फारसा उपयोग नव्हता. त्या काळच्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक मागणीसाठी पर्ल नव्याने सुरू होई, फाइली शोधी, वाची, उत्तर देई आणि बंद पडे. जणू प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नवा लिपिक, ज्याला कोणते कपाट कोठे हेही ठाऊक नाही! १९९६ साली डग मॅकईचर्न यांच्या 'मॉड-पर्ल'ने पर्लला अपाची या सर्व्हरच्या आतच कायमचे बसवले. आता लिपिक दिवसभर खुर्चीत. एकदा आणलेली माहिती स्मृतीत हाताशी राहू लागली. अशा साठ्याला 'कॅश' म्हणतात. उच्चार रोकडीसारखा, अर्थ मात्र हाताशी जपून ठेवलेला साठा. फिरत्या तबकडीवरून माहिती मिळवायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. स्मृतीतून सुमारे १०० नॅनोसेकंद. फरक एक लाख पटींचा.

हा फरक कोठे जाणवतो? दहावीच्या निकालाच्या दिवशी. २०२४ साली राज्यात १५ लाखांहून अधिक विद्यार्थी दहावीला बसले होते. निकाल २७ मे रोजी दुपारी १ वाजता संकेतस्थळावर आला. समजा, १५ लाख मागण्या पहिल्या १० मिनिटांत आल्या, तर सेकंदाला २,५०० झाल्या. एका मागणीला प्रोसेसरची २० मिलिसेकंदे लागली तर ५० प्रोसेसर हवेत. कॅशमुळे तेच काम १ मिलिसेकंदात झाले तर ३ पुरतात.

मग सगळेच लक्षात का ठेवू नये? येथेच खरी अडचण आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आज्ञावलीतले एक चुकीचे सूत्र सुधारले. पान उघडले तर कधी नवा आकडा दिसे, कधी जुना. अर्धा दिवस मी सूत्रच तपासत बसलो. चूक सूत्रात नव्हती. सर्व्हर एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालवतो, म्हणजे कार्यालयात अनेक लिपिक असतात आणि प्रत्येकाची आठवण स्वतंत्र असते. काहींनी जुनी फाइल आधीच वाचून ठेवली होती. ते तेच सांगत होते.

यावर उपाय आहेत. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे. फाइल शेवटची कधी बदलली ते दर वेळी पाहणे. यात थोडा वेळ जातो. प्रत्येक नोंदीला मुदत घालणे. किंवा सर्वांसाठी एकच सामाईक साठा ठेवणे. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली लाइव्हजर्नल या पर्लमध्ये लिहिलेल्या संकेतस्थळासाठी 'मेमकॅश्ड' बनवले ते यासाठीच.

'नाही' हे उत्तरही लक्षात राहते, हे विशेष ध्यानात घ्यावे. समजा, १२ वाजून ५५ मिनिटांनी सर्व्हरने 'निकाल उपलब्ध नाही' हे उत्तर तासाभराच्या मुदतीने साठवले. मग निकाल लागल्यानंतरही मुलाला पाऊण तासाहून अधिक वेळ 'नाही'च दिसेल. गुणपडताळणीत गुण वाढले आणि साठ्यातली जुनी नोंद काढली नाही, तर अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी त्याच्या हाती जुनेच गुण येतील. सर्व्हर बंद पडला तर निदान कळते तरी. जुने उत्तर मात्र खऱ्या उत्तरासारखेच दिसते.

वर्गात हा खेळ करून पाहा. चार मुलांना लिपिक करा. एका वहीत नावे आणि गुण लिहून ती वही दूरच्या टेबलावर ठेवा. लिपिकांनी तेथे जाऊन उत्तर आणावे आणि आपल्या चिठ्ठीवर टिपून ठेवावे. बाकीच्यांनी प्रश्न विचारत राहावे. मध्येच, कोणाला न सांगता, वहीतले एकाचे गुण बदला. मग चौघांनाही तोच प्रश्न विचारा. उत्तरे वेगवेगळी आली की मुलांनाच उपाय सुचवू द्या, आणि प्रत्येक उपायात वहीकडे किती फेऱ्या वाढतात ते फळ्यावर मांडा.