चाकातली घूंऽऽ: बेअरिंग की टायर?

जुन्या गाडीत साठच्या वेगाला घूंऽऽ सुरू झालं की पहिला बळी टायरचा जातो. नवे टायर बसतात, आवाज तसाच. खिसा मोकळा करण्याआधी हे करून पाहा.

मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. इंजिन शांत झालं तरी घूं चालूच, तर दोष चाकांकडे. आता लांब, सौम्य वळण घ्या. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. डांबरावरून काँक्रीटवर जाताच सूर बदलला, तर मात्र टायरच. ट्रेडवरून तळहात फिरवा, उंचसखल लागेल.

माझी सगळ्यात आवडती चाचणी: चाक जॅकवर उचला (खाली स्टँड हवाच, नुसत्या जॅकवर भरवसा नको), एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरा, दुसऱ्याने चाक फिरवा. बेअरिंग गेलं असेल तर जात्यासारखी खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. कान फसतात, बोटं सहसा नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टक-टक येते? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो बहुधा सीव्ही जॉइंट. रबरी बूट फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसेल.

आणि खडीच्या रस्त्यानंतर अचानक कर्कश घासल्याचा आवाज आला तर लगेच घाबरू नका. ब्रेक डिस्क आणि मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकला असेल. थोडं रिव्हर्स घेतलं की बऱ्याचदा तो आपोआप पडतो.