बावीस अक्षरांची शिरगणती

मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा फेब्रुवारी २००१मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सुमारे तीन अब्ज अक्षरांत जनुके हुडकणारे संगणक प्रामुख्याने प्रथिनांच्या मागावर होते. प्रथिनाची कृती कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, याच्या खुणा त्यांना ठाऊक होत्या. प्रथिनांची कृती सांगणारा भाग एकूण मजकुराच्या दोन टक्क्यांहूनही कमी. उरलेल्या मजकुरात जेमतेम बावीस अक्षरांचे आरएनए घडवणारी शेकडो जनुके दडलेली होती आणि ती ओळखायची कशी, हेच कुणाला माहीत नव्हते. प्रयोगशाळेतही तीच गत होती. आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करताना इतके आखूड तुकडे जेलच्या तळातून निघून जात, आणि उरलेच तर मोडतोड समजून सोडून दिले जात.

अशा आरएनएचा पहिला पुरावा मात्र त्याआधीच हाती आला होता. मिलिमीटरभर लांबीच्या ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ या सूत्रकृमीत ‘लिन-४’ हे जनुक बिघडले, की तो बाल्यावस्थेतले टप्पे पुन्हापुन्हा गिरवत राहतो. हार्वर्डमध्ये व्हिक्टर अँब्रॉस, रोझलिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम यांनी हे जनुक सुमारे ७०० अक्षरांच्या तुकड्यापर्यंत आवळत आणले. त्यात प्रथिनाची कृती काही सापडेना. सापडले ते दोन आरएनए : एक ६१ अक्षरांचा आणि दुसरा अवघ्या २२. तिकडे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गॅरी रव्हकुन ‘लिन-१४’ या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. जून १९९२मध्ये दोघांनी आपापल्या जनुकांची अक्षरे एकमेकांना कळवली आणि जुळणी डोळ्यांसमोर आली. ‘लिन-१४’च्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडच्या भागात ‘लिन-४’ला पूरक अक्षरे पुन्हापुन्हा आलेली होती. छोटा आरएनए तिथे जाऊन बसे आणि प्रथिन तयार होणे रोखून धरी. १९९३च्या डिसेंबरात ‘सेल’मध्ये दोन्ही शोधनिबंध शेजारीशेजारी छापून आले. पुढची सात वर्षे बहुतेकांनी हे कृमीचे वैशिष्ट्य मानले.

२००० साली रव्हकुन यांच्या गटाने ‘लेट-७’ हा २१ अक्षरांचा दुसरा आरएनए शोधला. एमी पास्क्विनेली यांनी तो इतर प्राण्यांत शोधून पाहिला, तर फळमाशीत, माशात आणि माणसातही तीच एकवीस अक्षरे, जशीच्या तशी. कोट्यवधी वर्षांत एकही अक्षर बदलले नाही, तेव्हा त्याचे काम किती मोलाचे असणार! शिरगणतीची निकड खरी पटली ती या शोधाने.

ऑक्टोबर २००१मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात तीन प्रयोगशाळांचे निबंध आले. अँब्रॉस आणि डेव्हिड बार्टेल यांच्या गटांनी कृमी चाळला होता. गटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले थॉमस टुशल यांनी फळमाशीच्या भ्रूणांबरोबर मानवी हेला पेशीही घेतल्या. रीत कष्टाची होती. एकूण आरएनएतून वीसेक अक्षरांचा थर कापून घ्यायचा, दोन्ही टोकांना ओळखीचे जोडतुकडे चिकटवायचे, त्याची डीएनए प्रत करायची आणि एकेक वाचून जनुकसंचात त्याचे ठिकाण शोधायचे. जाळ्यात पुष्कळदा रायबोसोमचे भंगारच येई. तरीही अशा चिमुकल्या आरएनएंची, म्हणजे मायक्रोआरएनएंची, पहिली मानवी यादी यातूनच उभी राहिली. हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून १९५१मध्ये, तिला न विचारता, घेतलेल्या होत्या. या यादीचे ऋण सांगताना तिचे नाव घेतलेच पाहिजे.

पण वीसेक अक्षरांचा तुकडा मिळाला म्हणजे तो मायक्रोआरएनएच, असे कशावरून? इथे त्याच्या जन्माची हकिगत उपयोगी पडते. मूळ लांब आरएनए स्वतःवरच दुमडतो आणि केसांत खोचायच्या आकड्यासारखा आकार घेतो. केंद्रकात ड्रोशा हे विकर त्याचा बुंधा कापते. केंद्रकाबाहेर डायसर त्याचे वळण कापून टाकते. दोन्ही भुजांतली बहुधा एक अर्गोनॉट प्रथिनात बसून कामाला लागते, दुसरी नष्ट होते. हे काप फार नेमके असतात. म्हणून खऱ्या मायक्रोआरएनएच्या हजारो प्रती वाचल्या, तर बहुतेक सगळ्या एकाच अक्षरापासून सुरू होतात, आणि समोरच्या भुजेच्या प्रतीही दोन अक्षरांच्या फरकाने बरोबर समोर येतात. सडलेल्या आरएनएचे तुकडे मात्र कुठेही सुरू होतात, कुठेही संपतात. नुसत्या दुमडीवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण मानवी जनुकसंचात तसे दुमडू शकणारे भाग एक कोटीच्या घरात आहेत.

२००३मध्ये या क्षेत्रातल्या मंडळींनी एकत्र येऊन नोंदणीचे निकष ठरवले, आणि सॅम ग्रिफिथ्स-जोन्स यांनी सांभाळलेली नोंदवही पुढे ‘मिरबेस’ या नावाने जगभर वापरात आली. क्रमांक मिळायचा, पण पुरावा दाखवल्यावर.

या यादीचे मोल डॉक्टरांना आधी रक्ताच्या कर्करोगात कळले. दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. तिथे कर्करोगाला आवर घालणारे जनुक असणार म्हणून दहाएक वर्षे प्रयोगशाळांनी शोध घेतला. प्रथिनाचे एकही जनुक कसोटीला उतरले नाही. २००२मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी दाखवले, की त्या गळालेल्या भागात ‘मिर-१५ए’ आणि ‘मिर-१६-१’ हे मायक्रोआरएनए बसलेले आहेत. २०१०मध्ये उंदरांत हाच भाग काढून टाकला, तेव्हा त्यांनाही तसाच ल्युकेमिया झाला.

मग लाखो तुकडे एकदम वाचणारी यंत्रे आली आणि नोंदींचा पूर लोटला. २००३मध्ये बार्टेल यांच्या गटाचा अंदाज होता, की माणसात अशी जनुके २५५हून अधिक नसतील. २०१८च्या ‘मिरबेस’मध्ये मानवी नोंदी १,९१७ झाल्या. काही वाढ खरी होती. एकोणिसाव्या गुणसूत्रावर केवळ वानरकुळात आढळणारा आणि मुख्यतः वारेत जागा होणारा ४६ जनुकांचा समूह आहे. इतर प्राण्यांशी तुलना करून तो हाती लागणेच शक्य नव्हते. पण २०१५मध्ये बास्टियन फ्रॉम आणि सहकाऱ्यांनी त्या वेळच्या १,८८१ नोंदी कापांच्या खुणांवर एकेक तपासल्या, तेव्हा खात्रीची ठरली अवघी ५२३ जनुके. बाकीच्यांत पुष्कळशी इतर आरएनएंची शकले होती.

माझ्या मते या सबंध इतिहासातले हे सर्वांत धाडसाचे काम. नवी नोंद करणाऱ्याला निबंध मिळतो. नोंद खोडणाऱ्याला रोष. आणि खोटी नोंद निरुपद्रवी नसते. तिच्यावर विसंबून कुणी रुग्णांच्या रक्तात रोगाची खूण शोधतो, कुणी तिची लक्ष्ये संगणकावर जुळवतो. जुळवणे सोपेच असते, कारण लक्ष्य ओळखायला मायक्रोआरएनएची मुख्यतः दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे लागतात आणि तेवढी अक्षरे योगायोगानेही हजारो ठिकाणी जुळतात. म्हणूनच अर्गोनॉट प्रथिनाला पेशीतच अतिनील किरणांनी त्याच्या आरएनएशी जखडून, प्रत्यक्ष कोण कुणाला चिकटले आहे ते वाचण्याचे तंत्र २००९पासून रुळले.

त्या सात अक्षरांचे महत्त्व दोन स्पॅनिश कुटुंबांत दिसते. एकात पिढ्यान्‌पिढ्या, बोलायला शिकल्यानंतर, ऐकू येणे कमीकमी होत जाई. या दोषाचे ठिकाण सातव्या गुणसूत्रावर आहे, एवढे २००४मध्ये कळले होते. पण जनुक हाती येत नव्हते. २००९मध्ये तिथल्या ‘मिर-९६’ची अक्षरे वाचली गेली. त्या नेमक्या सात अक्षरांत एक अक्षर बदललेले निघाले. बहिरेपणाच्या दुसऱ्या कुटुंबात त्याच्या लगतचे. त्याच वर्षी ऐकू न येणाऱ्या उंदरांच्या एका वाणातही याच आरएनएच्या याच सात अक्षरांत बदल सापडला.